बाप जित्ता असताना केलेली डोई

“बस,” मालक म्हणाले.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणताहेत. गढीच्या मागच्या चौकात आम्ही चौघंच होतो. मालक, परभणीहून दमणीत बसून आलेले म्हातारे हकीम, माझे वडील आणि मी. मधे सागवानी पाट. त्या पाटावर मालक बसायचे. आम्ही, म्हणजे गावचे न्हावी, समोर उकिडवे बसून त्यांची दाढी करायचो, डोक्याला तेल जिरवायचो. जन्मात कधी त्या पाटाला माझं अंग लागलं नव्हतं.

“तुलाच म्हणायलोय. बस पाटावर.”

बसलो. मालक आपल्या जागेवर बसवताहेत म्हणजे काहीतरी वाईटच असणार, एवढं कळत होतं. मालक अण्णांकडं वळले. वडलांना मी अण्णा म्हणायचो.

“ह्याची डोई कर. शेंडीबी ठिवू नको.”

त्या दिवशी अवस होती. अवसेला आमच्या घरातला वस्तरा धोकटीबाहेर निघत नसे. अण्णांनी दबकत ते सांगितलं. मालक म्हणाले, हकीमसाहेब आज आलेत, अवस-पुनव बघत बसायला त्यांना सवड नाही. अण्णांनी धोकटीचे बंद सोडले. वाटीत पाणी घेतलं. माझे केस भिजवले. मी बावीस वर्षांचा होतो आणि शहरातल्या लोकांसारखी बाबरी राखली होती. माझ्या केसांचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू. एकेक पुंजका मांडीवर पडत गेला.

डोकं झालं. अण्णा वस्तरा पुसायला लागले. तेवढ्यात मालक म्हणाले, मिशीही काढ, तिथंही लावून बघू.

अण्णांचा हात थांबला. गावात पुष्कळ म्हाताऱ्यांची डोकी गुळगुळीत असत, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण डोकं आणि मिशी दोन्ही एकदम जातात ती एकाच दिवशी. बाप जातो त्या दिवशी. ज्याचा बाप जिवंत आहे त्याच्या मिशीला वस्तरा लावणं म्हणजे त्या बापाचं मरण बोलावणं. हे अण्णांनीच मला शिकवलं होतं. पहिल्यांदा वस्तरा हातात देताना.

“मालक, मिशी नगं,” अण्णा म्हणाले. “म्या अजून जित्ता हाय.”

मालक हसले. “मग काय झालं? मिशी उगवंल परत. तू कुठं चाललास?”

अण्णांनी माझी मिशी काढली. त्यांचा हात माझ्या ओठावरून फिरत होता आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघत होतो. ते माझ्याकडं बघत नव्हते.

हे कशासाठी, ते सांगतो.

मालक गावचे देशमुख. तिशीतले. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. राज्य निजामाचं, पण निजाम लांब हैदराबादेत. गावात राज्य गढीचं. वेठीला कुणाला धरायचं, कुणाला दारात उन्हात उभं करायचं, ते मालक ठरवत. त्यांचे वडील गेले होते, आई होती. पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरं लग्न पाथरीकडच्या मोठ्या घराण्यात ठरलं होतं, फाल्गुनात. आणि मालकांच्या डोक्यावरचे केस चालले होते.

गावात हे कुणाला माहीत नव्हतं. मालक घरातसुद्धा पागोटं उतरवत नसत. आईसमोरही नाही. माहीत होतं आम्हा दोघा बापलेकांना. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागं सरकलेले. टाळूवर तळहाताएवढी जागा उघडी. कानांवरची आणि मागची झालर तेवढी दाट. हळदीला, अंघोळीला नवरदेवाचं डोकं उघडं असतं, सगळ्या बायाबापड्यांसमोर. एवढ्या एका गोष्टीचं भय त्या माणसाला खात होतं. हजामत झाली की खाली पडलेला केस न् केस मी फडक्यात बांधायचो आणि नदीला सोडून यायचो. कुणी केसांवर करणी करू नये म्हणून. गढीचा शिपाई बरोबर असायचा.

उपाय काय कमी केले? कांद्याचा रस झाला. माक्याचं तेल झालं. चारठाण्याच्या एका वैद्यानं हस्तिदंत जाळून राख दिली, ती शेळीच्या दुधातून महिनाभर मी चोळली. गुंजा वाटून लावल्या. टाळूला जळवा लावल्या. भरलेली जळू सोडवताना मालक माझा दंड धरून बसायचे, नखं रुतेपर्यंत. हैदराबादेहून निळ्या बाटलीतलं विलायती औषध आलं. त्यानं उशीला डाग पडले. बाकी काही नाही.

अण्णांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या आज्यानं मालकांच्या आज्याचं डोकं केलं होतं, अण्णांनी त्यांच्या वडलांचं. तिन्ही डोकी एकसारखी. चाई वेगळी आणि टक्कल वेगळं, अण्णा मला सांगायचे. चाईचा गोल चट्टा पडतो, गुंज घासली की पुष्कळदा तिथं केस येतात. कोपऱ्यांतून आणि टाळूवरून निघालेलं टक्कल बापाकडून येतं. ते परतत नाही. मग मालकांना तसं सांगत का नाही, असं मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, वस्तरा धरणाऱ्यानं डोकं बघायचं, बोलायचं नाही.

मग परभणीचे हकीम आले. त्यांच्या लेपात बिबा होता, ते मला वासावरनं कळलं. बिबा कुणाच्या अंगावर कसा उतेल ते सांगता येत नाही. कातडी जळते, फोड येतात. हकीमांनी हे आडपडदा न ठेवता सांगितलं. मालकांनी थोडा विचार केला आणि माझ्याकडं बोट केलं. आधी ह्याच्यावर.

लेप लावताना हकीमही माझ्याकडं बघत नव्हते. “जलन होंगी,” हळूच म्हणाले. “घबराना नक्को.”

दुसऱ्या दिवशी डोकं सुजलं. तिसऱ्या दिवशी फोड आले, डोळे मिटले. रोज सकाळी गढीत जायचं, हकीमांनी ठेवलेल्या बरणीतला लेप शिपायासमोर लावून घ्यायचा, आणि घरी येऊन तळमळत पडायचं. पंधरा दिवस. का लावतो, ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर घर राहणार नाही, असं मालकांनी अण्णांना बजावलं होतं.

माझी बायको कौसा. तिनं कुणाला विचारलं नाही. रात्री मला कुठल्याच कुशीवर निजता येईना, तेव्हा खोबरेल घेऊन बसली आणि डाव्या अंगाचा लेप पुसून काढला. “निजायला येक बाजू तरी ऱ्हाऊ द्या,” म्हणाली. मग रोजचंच झालं. गढीतून आलो की ती डावी बाजू पुसायची. मालकांना कळलं तर काय होईल, ह्या भीतीनं मी दाराकडं बघत बसायचो. ती मात्र दाराकडं बघायची नाही.

गावात निघालो की लोक थबकायचे. “कोण गेलं?” हा पहिला प्रश्न. “कुणी नाही” म्हटलं की माझ्या ओठाकडं बघत राहायचे. काही जण नंतर मुद्दाम आमच्या दारावरून जायचे, अण्णा दिसतात का बघायला. अण्णा दिसले की नजर चुकवायचे. अण्णांनी ओट्यावर बसणं सोडलं.

दहाव्या दिवशी माझी बहीण आली. ती बोरीला दिलेली. बोरीच्या बाजारात कुणीतरी तिला सांगितलं, तुझ्या भावाची डोई झालीय, मिशीसकट. पुढचं तिनं ऐकलंच नाही. तशीच निघाली, पायी, अनवाणी. वेशीपासूनच तिचा आवाज ऐकू यायला लागला. अण्णांचे गुण काढून काढून ती रडत येत होती. मला कसं खांद्यावर नेलंत, लुगडं कसं आणलंत, आता माहेर कुणाचं. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. कुणी तिला थांबवलं नाही. काय म्हणून थांबवणार?

ती उंबऱ्यात आली आणि अण्णा आतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. तिचा आवाज तिथंच तुटला. ती मटकन खाली बसली. अण्णांनी तांब्या तिच्यापुढं ठेवला. आपल्या मरणाचं रडणं त्यांनी वेशीपासून घरापर्यंत ऐकलं होतं. म्हणाले, बरं झालं, कानानं ऐकून झालं. एवढं म्हणून आत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

पंधराव्या दिवशी मालकांनी मला चौकात बोलावलं. डोक्यावर खुंट आले होते. येणारच. काढलेले केस उगवतात, ते माझे केस होते. माझी मुळं जिवंत होती. हे न्हाव्याच्या शेंबड्या पोराला कळतं. पण मालकांनी जन्मात कधी स्वतःच्या हातानं काही पेरलं नव्हतं, काही कापलं नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून तळवा फिरवला. उजवीकडं फोडांच्या खपल्या होत्या, खुंट विरळ होते. तळवा डावीकडं आला आणि थांबला. तिथं दाट होते. मालकांचे डोळे भरून आले.

“उगवलं की,” म्हणाले.

जिथं औषध नव्हतं त्याच जागेवर त्यांचा हात होता. मला हसू फुटणार होतं, दाबलं. घरी येताना अण्णांना सांगितलं की मालक तो लेप आता स्वतःला लावणार. अण्णा म्हणाले, तोंड उघडू नको. मी उघडलं नाही. भीतीनं म्हणाल तर भीती होतीच. पण आतून मला बरंही वाटत होतं. लावू दे. उतू दे. कळू दे एकदा. हे मी लपवणार नाही.

लेप मीच लावला, माझ्या बोटांनी. हळदीला बारा दिवस राहिले होते. मालकांच्या डोक्याला बिबा माझ्यापेक्षा वाईट उतला. ताप भरला. टाळू चिघळली. जी झालर दाट होती तीही जागोजाग खपल्यांबरोबर निघून आली. परभणीला माणूस धाडला, तर हकीम लेकीकडं हैदराबादेला गेलेले. मालकांना पागोटं बांधता येईना. लग्न पुढं ढकला म्हणून निरोप गेला. कारण काय, ते सांगता आलं नाही. पाथरीकडच्यांनी तो अपमान मानला आणि मुलगी दुसरीकडं दिली.

मग आम्हा दोघांना बोलावणं आलं. मालक त्याच पाटावर बसले होते, डोक्यावर ओलं फडकं. आवाज शांत होता. मला त्या शांत आवाजाची जास्त भीती वाटली.

“तुझं उगवलं, माझं गेलं,” म्हणाले. “नदीवर माझ्या केसांचं काय करायचास?”

अण्णांनी पाय धरले. करणीचा आळ कसा असतो ते त्यांना माहीत होतं. तो एकदा आला की घर जळतं आणि विझवायला कुणी येत नाही. अण्णा पायांवर डोकं घासत होते. ते मला बघवलं नाही. मी बोललो.

“माझे केस माझेच हायत, मालक. काढले तर येतेत. डाव्या अंगाला लेप नव्हताच. बायकूनं रोज पुसला. तुमी हात ठिवलाव ती डावी बाजू.”

चौकात कावळा ओरडत होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. दाढी करताना हे तोंड मी शेकडो वेळा धरलं होतं, पण बघितलं त्या दिवशी. घाबरलेला माणूस होता तो. आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला. हे कळलं आणि माझ्या मनातलं काहीतरी कायमचं बदललं.

मालक म्हणाले, “माझ्या डोक्यावर येत न्हाईत तवर तुझ्या डोक्यावर दिसायचे न्हाईत. मिशीबी. दर बाजाराला, वेशीसमोर. तुझाच बाप काढील.”

दर बाजाराला. गढीच्या वेशीसमोर एक दगड होता, त्यावर मला बसवायचे. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं यायची, मिरच्यांची, ज्वारीची पोती लागलेली असायची. त्या सगळ्यांत अण्णा माझं डोकं करायचे, मग मिशी. पहिल्या बाजारी परगावचे लोक विचारत होते, कोण गेलं? दुसऱ्या-तिसऱ्या बाजारी विचारणं बंद झालं. त्यांना कळलं होतं. आपल्यावर येऊ नये म्हणून लोक पाठ करून मिरच्या निवडत बसायचे. ते मी विसरलो नाही.

मी अण्णांना म्हणालो, पळून जाऊ. बोरीला जाऊ, परभणीला जाऊ. अण्णा म्हणाले, ह्या वयात नवं गाव कुठं धुंडू. मला त्यांचा राग आला. माझी मिशी काढणारा हात मालकांचा नव्हता, त्यांचा होता. तसं मी एकदा बोललो. ते म्हणाले, “तुझ्या डोस्क्यावर हात ठिवला की मला म्या मेल्यावानी वाटायलंय, लेका.” त्यानंतर मी त्यांना काही बोललो नाही.

ते वाळत गेले. दुखणं काही नव्हतं. वैशाखातल्या एका बाजारी त्यांनी माझी डोई केली आणि कानामागं वस्तरा लागला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाला लागला नव्हता. त्यांनी अंगठ्यानं रक्त पुसलं, धोकटी बांधली, घरी आले, निजले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले नाहीत. मालकांनी मारलं असं मी म्हणत नाही. अण्णांचं वय झालं होतं. पण दहा बाजार त्यांनी स्वतःच्या मरणाची डोई केली, आणि दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मरण आलं.

बोरीहून बहीण आली. ह्या खेपेला रडली नाही. तिचं सगळं रडणं आधीच होऊन गेलं होतं. दाजी आले, तेही न्हावीच. नदीवर चिता रचली. अग्नी देण्याआधी मुलाचं क्षौर करायचं असतं. मी पाण्याशी बसलो. दाजींनी माझं डोकं भिजवलं, वस्तरा काढला आणि तसेच उभे राहिले. आदल्या दुपारीच अण्णांनी सगळं काढलेलं. हाताला खुंट लागत नव्हता.

“काय काढू, पाव्हणं?” दाजी म्हणाले. “कायबी न्हाई ठिवलं.”

बाप गेला की लेकानं द्यायचं ते एवढंच. ते माझ्याकडं नव्हतं. दाजींनी कोरड्या कातडीवरून वस्तरा नुसता फिरवला, रीत म्हणून. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. तिथं मी ठरवलं. ओरडलो नाही, शपथ घेतली नाही. फक्त ठरवलं.

तेरावं झालं आणि लगेच बाजार आला. शिपाई दारात आला. दाजी अजून होते, ते धोकटी घेऊन माझ्यामागं आले. डोक्यावर तेरा दिवसांचे खुंट होते. मालक वेशीच्या ओट्यावर बसलेले, पागोटं बांधून.

“बस,” म्हणाले.

मी उभा राहिलो.

“बस म्हणलं न्हवं?”

“डोई बापापायी करतेत, मालक,” मी म्हणालो. “माझा बाप मेला. तुमी माझे बाप न्हाईत.”

मालकांनी दाजींना हुकूम केला, तू काढ. दाजींनी हातातली धोकटी खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरकले. गढीच्या दोघा गड्यांनी मला धरून दगडावर दाबलं. शिपायानं धोकटी उचकटून वस्तरा घेतला. वस्तरा कसा धरतात ते त्याला माहीत नव्हतं. केस भिजवायचे असतात, तेही माहीत नव्हतं. डाव्या कानाच्या वरून टाळूपर्यंत त्यानं ओढला. रक्त डोळ्यांत आलं, मला पुढचं काही दिसेना. मालकांनी रक्त बघितलं आणि उठून आत गेले. मला कौसानं आणि दाजींनी घरी नेलं. लोक वाट द्यायला बाजूला झाले. हात कुणी लावला नाही.

जखम भरायला महिना गेला. तेवढ्या दिवसांत दाजी गप्प बसले नव्हते. आजूबाजूच्या सात गावांचे न्हावी बोरीत आमच्या बहिणीच्या ओसरीवर जमले. माझं डोकं सगळ्यांनी बघितलं. जास्त बोलणं झालं नाही. ह्या गढीला कुणी वस्तरा लावायचा नाही, एवढं ठरलं. माझं बलुतं बंद झालं. मी बोरीच्या बाजारात झाडाखाली बसायला लागलो, पण घर सोडलं नाही. शेजारच्या गावच्या एका न्हाव्याला गढीच्या माणसांनी मारलं, तरी तो गेला नाही. मालकांची दाढी वाढत गेली. वेशीतून ते बाहेर निघेनासे झाले. गावाला वाटत होतं, आता काहीतरी होणार. रोज वाटायचं. मीही रोज सकाळी उठलो की आधी दाराबाहेर बघायचो.

श्रावणात मालकांची आई गेली.

दुपारी शिपाई आला. तोच. दाराबाहेर उभा राहून म्हणाला, म्हातारी गेली, मालकांनी बोलावलंय. मी नाही म्हणालो. थोड्या वेळानं कारभारी आले. काय हवं ते माग म्हणाले. नाही म्हणालो. नदीवर चिता रचलेली, ऊन कलायला लागलेलं, बाप नसलेल्या लेकाला आईपायीही डोई करावी लागते, आणि क्षौर झाल्याशिवाय अग्नी द्यायचा कसा?

मग मालक स्वतः आले.

चालत, अनवाणी. आणि उघड्या डोक्यानं. आईचं मरण असलं की लेकाच्या डोक्यावर पागोटं नसतं, तो देशमुख असो की कुणी असो. सगळं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं आणि बघत होतं. जे डोकं झाकण्यासाठी माझी कातडी जाळली, माझ्या बापाला दर बाजारी जिवंतपणी मारलं, ते डोकं उन्हात उघडं होतं. कपाळापासून टाळूपर्यंत मोकळं, बिब्याचे पांढरे डाग, कडेला चार झिपऱ्या. कुणी हसलं नाही. खरं तर कुणाला काही वाटलंच नाही. टक्कल होतं, एवढंच. एवढ्याचसाठी सगळं झालं होतं.

मालक माझ्या दारात आले आणि उंबऱ्यापुढच्या दगडावर बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं. मान खाली घातली.

“माझी आई गेली रं,” म्हणाले. “कर.”

मला वाईट वाटलं. वाटलं, ते सांगायला लाज नाही. आई गेलेला माणूस होता. तोही एक पोरका लेक होता आणि बाहेर कौसा डोळे पुसत होती. घरात खुंटीवर अण्णांची धोकटी होती. चार पावलं जायचं, घेऊन यायची. पाय वळायला लागला होता. तेवढ्यात डाव्या कानावरची खूण ओढली, आणि दाजींचा कोरडा वस्तरा मला आठवला, ज्याचा आवाज झाला नव्हता.

“उठा, मालक,” मी म्हणालो. “ह्या घरातला वस्तरा तुमच्यापायी निघायचा न्हाई.”

ते बराच वेळ उठले नाहीत. मग उठले. धमकी दिली नाही. रस्त्यानं परत गेले. नदीवर कुणीतरी कातरीनं दाढी कापली, आणि त्यावर अग्नी दिला, असं कळलं.

गावातल्या म्हाताऱ्यांनी मला दोष दिला. मेलेल्या बाईशी कसलं वैर, म्हणाले. त्याच म्हाताऱ्यांनी दहा बाजार पाठ करून मिरच्या निवडल्या होत्या. आज निजाम नाही, गढीत घुबडं आहेत, मालकही कधीच गेले. तरी ते पुन्हा माझ्या दारात येऊन बसले तर मी पुन्हा उठा म्हणेन. माझं वाईट वाटणं माझ्यापाशी राहील.

डाव्या कानाच्या वर बोटभर रुंदीचा पट्टा आहे, तिथं केस येत नाहीत. बाकी डोकं म्हातारपणीही दाट आहे. लोक सुचवतात, गुंज घास, माका लाव. मी लावत नाही. माझी पोरं त्या पट्ट्याकडं बघत मोठी झाली. त्यांच्या हातात पहिल्यांदा वस्तरा देताना मी तो दाखवला. आणि सांगितलं, मी मेलो की खुशाल डोई करा. पण तोवर कुणी बस म्हटलं, तर बसायचं नाही. आधी कशासाठी ते विचारायचं.